फारसीबाईंचा पूल

फारसीबाईंचा आवाज एवढा मोठा, की मंगळवार पेठेतल्या खोलीत त्यांनी 'रूये' म्हटलं की रंकाळ्यातल्या म्हशी कान टवकारायच्या. 'रूये' म्हणजे वर, 'झीरे' म्हणजे खाली. एवढ्यावर बाईंनी शिरोलीतले अर्धे फिटर इराणला पोचते केले, असं मी सांगत असतो. खरं तर एकटा मीच गेलो.

आमच्या कारखान्याचे पंप इस्फहानला बसवायचे होते. निवृत्त शिक्षिका असलेल्या बाईंना फारसी वडिलांकडून आलेली; ते संस्थानचे जुने कागद वाचायचे. बाई टेबलावर तांब्या ठेवून विचारायच्या, "कुजास्त?" कुठं आहे? मी म्हणायचो, "रूये मीझ." मांजर मात्र खाटेखाली असायचं आणि मी उत्तर जुळवेपर्यंत खिडकीत जाऊन बसायचं.

"बाई, 'आठवण येते' कसं म्हणायचं?"

"आधी काय कुठं हाय ते शिक, लेका. रडायचं मागनं बघू."

ऊन कललं की बाई डोळे मिटायच्या. वडिलांनी लहानपणी चित्रात दाखवलेला इस्फहानचा पूल त्यांना दिसायचा. कमानीच कमानी, खाली हिरवं पाणी. त्या बोलू लागल्या की खोलीत ओलसर वास यायचा, तांब्या जागच्या जागी डुलायचा. काचबिंदूनं त्यांची नजर चालली होती. तो पूल तेवढा स्वच्छ राहिला होता.

निघताना म्हणाल्या, "पुलापाशी गेलास की फोन कर. फारसीतच सांग. मराठीत तू म्हशीला पंख लावतोस."

गेलो. पूल होता. नदी कोरडी ठणठणीत, पात्रात पोरं चेंडू खेळत होती. मराठीत मी तिथं पंचगंगेचा पूर आणला असता, वर दोन सुसरी सोडल्या असत्या. फारसीत माझ्याजवळ 'आहे' आणि 'नाही' एवढंच. पुलाच्या तोंडाशी असलेल्या फोनवरून बाईंना गाठलं.

"झीरे पोल, आब?" पुलाखाली पाणी?

'हस्त', म्हणजे 'आहे', अगदी जिभेवर आलं होतं. पण तो शब्द बाईंनीच दिलेला.

"नीस्त," मी म्हणालो. नाही.

बाईंनी हळू आवाजात विचारलं, "रूये पोल?"

पुलावर माणसं, म्हटलं. हातात चहा. कमानीत म्हातारा. म्हातारा गात होता, पण 'गातो' मला येत नव्हतं. तार पुरेल तेवढा फोन त्याच्याकडे धरला.

परत कानाला लावला तेव्हा बाई म्हणाल्या, "व्हय. आता दिसला."

बाई गेल्या त्याला वर्षं झाली. पावसाळ्यात पंचगंगेच्या पुलावर थांबतो, कठड्यावरून वाकून बघतो आणि मोठ्यानं सांगतो, "झीरे पोल, आब हस्त." येणारे-जाणारे बघतात. थेंबभरही थाप नसते त्यात.