बार्शीचा पैलवान

वेणीमाधव करकंबकर पंधरा वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या बरगड्या मोजायला सदरा काढायची गरज नव्हती. पाऊस पडला की सर्दी, ऊन तापलं की ताप, आणि दोन्ही नसलं की खोकला ठरलेला. आई मानमोडीच्या साथीत गेल्यापासून सोलापुरातल्या त्या दोन खोल्यांत तो आणि त्याचे वडील असे दोघंच राहत. वडील गोपाळराव कचेरीत कारकून होते. माणूस वाईट नव्हता, पण शब्द म्हणजे सरकारी मालमत्ता असल्यासारखे जपून वापरायचे. रोज सकाळी मात्र ते मुलाच्या कपाळाला हात लावून ताप बघत. आईनंतर वेणीमाधवला माणसाचा स्पर्श म्हणून माहीत होता तो तेवढाच.

शेवटी वैद्यच कंटाळले. म्हणाले, "काढे पुरे झाले, पोराला तालमीत घाला." गोपाळरावांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी अट सांगितली.

"जोर काढ, बैठका मार, काय हवं ते कर. पण कुस्तीच्या हौद्यात उतरून कुणाच्या अंगाला अंग लावायचं नाही. आणि घरात पाऊल टाकण्याआधी आंघोळ."

जवळच चिंचेची तालीम होती. तिचे वस्ताद संगप्पा. त्यांनी या काडी पैलवानाकडे पाहिलं, हसू मिशीत दाबलं आणि म्हणाले, "ये की. नव्या पोरानं हौदा खणायचा, ही हितली रीत हाय." तेव्हापासून वेणीमाधव पहाटे जाऊन तांबडी माती खणायचा, मग कोपऱ्यात जोर काढायचा. बाकीची पोरं बहुतेक गिरणीतली. ती संध्याकाळी, पाळी सुटल्यावर यायची. ती येण्याच्या कितीतरी आधी हा घरी जाऊन पाठांतराला बसलेला असायचा.

तालमीत प्रत्येकाला एक जोड असते. रोज ज्याच्याशी झोंबायचं, ज्याला पाडायचं, ज्याच्याकडून पडायचं आणि नंतर ज्याच्या पाठीची माती झाडायची, ती जोड. वेणीमाधवला जोड नव्हती. त्याच्या वाट्याला आला मल्लखांब. एरंडेल चोपडलेल्या त्या लाकडाला तो मिठ्या मारायचा, पाय अडकवायचा, त्याच्यावरच डाव घोटायचा. खांब बिचारा कधी पडला नाही आणि कधी उलट डावही टाकला नाही.

तीन वर्षांत पोराचं रूप पालटलं. छाती भरली, मान रुंद झाली, खोकला कुठल्या कुठे पळाला. ताप यायचा थांबला तसा कपाळावरचा हातही थांबला. गोपाळरावांनी एकदा त्याला खालून वरपर्यंत पाहिलं, "बरं झालं," म्हणाले आणि पूजेला बसले. वेणीमाधवला त्या दिवशी फार एकटं वाटलं. आपण बरे झालो हे चुकलंच की काय, असाही एक वेडा विचार त्याच्या मनात येऊन गेला. एकदा तरी कुणीतरी आपल्याला धरावं, मग आपटलं तरी चालेल, एवढंच त्याला हवं होतं.

त्या संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत कुस्त्या लागल्या तेव्हा तो वडिलांना न सांगता गेला. जानवं कमरेला गुंडाळलं, लंगोट कसला आणि लहान जोडींच्या पोरांबरोबर हात वर करून मैदानाला फेरी मारू लागला. ज्याला लढायचं असेल त्याने येऊन हात धरायचा, अशी पद्धत. दुसऱ्या फेरीत एका काळ्यासावळ्या, ठेंगण्या पोराने त्याचा हात धरला.

पंचाने विचारलं, "नाव? तालीम?"

"धुळाप्पा. चिंचंची तालीम," तो पोरगा म्हणाला. सांगोल्याकडच्या धनगराचा मुलगा, गिरणीत लागलेला. संध्याकाळच्या पोरांतला, त्यामुळे दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं.

"आन् तुजी?" पंच वेणीमाधवकडे वळला.

एका तालमीचे दोघं मैदानात एकमेकांशी लढत नाहीत, हा नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. खरं सांगितलं की पंच हात सोडवणार. धुळाप्पाचा हात गरम होता, खरखरीत होता आणि त्याने घट्ट धरलं होतं.

"मी बार्शीचा," वेणीमाधव म्हणाला.

कुस्ती तशी साधीच झाली. पण वेणीमाधवला ती साधी वाटली नाही. गर्दनखेच झाली, कपाळाला कपाळ लागलं, समोरच्याचा श्वास कानाशी ऐकू येऊ लागला. डाव सगळे पाठ होते, पण खांब कधी हलला नव्हता आणि हा सारखा हलत होता. एकदा धुळाप्पाचा तोल गेला तेव्हा पाडायची संधी होती. वेणीमाधवने पाडलं नाही, नुसतं धरून ठेवलं, कारण पाडलं की कुस्ती संपली असती. मग व्हायचं तेच झालं. धुळाप्पाने त्याला उचलून चीत केलं.

लगेच त्यानेच हात देऊन उठवलं, मिठी मारली आणि पाठीची माती झाडू लागला. माती झाडून झाली तरी हात फिरतच होता.

"लई ताकद हाय की तुज्यात," धुळाप्पा म्हणाला. "बार्शीला आलो तर हुडकीन तुला."

दुसऱ्या दिवशी पहाटे वस्ताद तालमीच्या दारातच उभे होते.

"धुळाप्पानं सांगितलं. गोरापान गडी, कमरंला जानवं, बार्शीचा. तूच न्हवं त्यो?"

"हो."

"आपली तालीम नाकारली त्यानं परत हौद्यात पाय ठेवायचा न्हाई. ही रीत मला मोडता येत न्हाई."

वेणीमाधव जायला वळला. वस्तादांचा आवाज उतरला.

"जोड पायजे हुती तर मागायची की. मी बोललो न्हाई कारण मला वाटलं, बामनाचं पोर, शिवाशिव पाळत आसंल. धुळाप्पाला मी कळू देणार न्हाई. त्याची पैली जिकल्याली कुस्ती हाय, उगं नासंल. तूबी सांगू नगंस."

पुढचे महिने वेणीमाधवने घरीच जोर काढले. पण जोर मारता मारता मन भलतीकडेच जायचं. शेवटी शिमग्यानंतरच्या एका संध्याकाळी तो गिरणीच्या दाराशी जाऊन उभा राहिला. सांगून टाकायचं, मग तो बोलेल ते ऐकून घ्यायचं, असं ठरवूनच गेला होता. भोंगा झाला, माणसांचा लोंढा बाहेर पडला, आणि वेणीमाधव शब्द जुळवतोय तोच पाठीवर थाप पडली.

"अरं, बार्शीकर!" डोक्यावर कापसाचे तंतू तसेच घेऊन धुळाप्पा उभा होता. "मी बार्शीला जाऊन आलो की. सगळ्या तालमी पालथ्या घातल्या. कुनालाच तू म्हाईत न्हाईस. म्या म्हनलं, येवडा गडी गेला कुटं?"

वेणीमाधवला एवढंच ऐकू आलं. हा आपल्याला शोधायला गेला होता. आपल्याला शोधायला आजवर कोण कुठे गेलं होतं? खरं सांगितलं तर याची जिंकलेली कुस्ती मातीत जाणार, आणि हा हातही जाणार.

"कवा आलास? उतरलास कुटं?"

घर तिसऱ्या गल्लीत होतं. "कुठंच नाही," वेणीमाधव म्हणाला. "आताच्या गाडीने परत निघालोय."

"मग चल, सोडतो तुला."

"नको रे, तू दमलायस."

"पावन्याला असंच जाऊ देत्यात व्हय?"

स्टेशनपर्यंत धुळाप्पा त्याच्या खांद्यावर हात टाकून चालला. आईच्या, शेळ्यांच्या, गिरणीतल्या मुकादमाच्या, सगळ्या गोष्टी त्याने सांगितल्या. वाटेत शेंगदाणे घेतले आणि निम्मे जबरदस्तीने याच्या खिशात कोंबले. वेणीमाधव त्या वाटेवर जितका सुखी होता तितका जन्मात कधी झाला नव्हता, आणि स्टेशन जवळ येत चाललं होतं.

धुळाप्पा परत फिरेल, मग आपण हळूच घरी जाऊ, असं त्याला वाटलं होतं. पण गडी तिकीट काढेपर्यंत थांबला आणि फलाटावरही आला. डब्यात जागा बघून दिली, खिडकीशी बसवलं आणि बाहेरून गजांतून हात आत घालून याचा हात धरून उभा राहिला. गाडी हलली तसा तो दोनचार पावलं बरोबर चालला.

"गड्ड्याला ये बरं का. वाट बघतो."

वेणीमाधवने मान हलवली. हात सुटला. फलाट मागे गेला, गिरणीची धुराडी मागे गेली, आणि सोलापुरात घर असलेला वेणीमाधव, जिथे आपलं कुणीही नाही त्या बार्शीच्या वाटेला लागला.