सुलतानबीचा फॉल

लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत सुलतानबीला सगळ्या पोरी खाला, म्हणजे मावशी, म्हणत. साड्यांना फॉल लावणं हा तिचा धंदा. पुढच्या खोलीत शिवणकाम आणि मागच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या बारावीच्या मुली. त्या वर्षी इस्लापूरहून अंजू आली होती. गणितात पक्की, इंग्रजीत कच्ची.

एका दुपारी ती उंबऱ्यात बसून घोकत होती. "फॉल इल, आजारी पडणं. फॉल बिहाइंड, मागं पडणं. फॉल इन लव्ह, प्रेमात पडणं."

सुलतानबीची सुई थांबली. "कोणता फॉल गं? मी लावून राहिले तो?"

"शब्द तोच, खाला. सरांनी सगळे अर्थ पाठ करायला सांगितलेत. आमच्या सहस्रकुंडाच्या धबधब्याला पण फॉलच म्हणतात."

सुलतानबी खुदकन हसली. "इतके दिस हातात घेऊन बसले, अन् मला वाटलं, कापडाची पट्टी हाय नुसती. पण त्यात अवघड काय? आपल्यात बी पडतंच की. पाऊस पडतो, प्रश्न पडतो, भाजीत मीठ कमी पडतं."

तेव्हापासून दोघींचा तो खेळच झाला. अंजू इंग्रजी म्हणायची, खाला मराठी जुळवायची. असंच एकदा अंजू म्हणाली, "फॉल आउट. म्हणजे भांडण होऊन दोघांत अंतर पडणं. वाक्यात उपयोग करायचाय. कुणाचं नाव घालू?"

सुलतानबीने मान वर केली नाही. "रत्नम्माचं घाल. अन् माझं."

मग हातातली साडी बाजूला ठेवून तिने सगळं सांगितलं. औसा तालुक्यातल्या तिच्या गावात रत्नम्मा शेजारीण होती. त्र्याण्णवच्या भूकंपात मातीच्या जड माळवदांची घरं बसली, तेव्हा रत्नम्माने नुसत्या हातांनी दगड उपसून सुलतानबीला बाहेर ओढलं. पलीकडच्या भिंतीखाली सुलतानबीचा नवरा जलील हाका मारत होता. रत्नम्मा तिकडे वळली तोवर हाका थांबल्या होत्या. रत्नम्माची बोटं सोलवटून निघाली होती. सुलतानबीने त्या बोटांकडे पाहिलंच नाही. "आधी त्यांना का न्हाई काढलंस?" एवढंच ती बोलली. पुढे ती लातूरला बहिणीकडे आली, शिवणकाम शिकली. रत्नम्माचे निरोप यायचे. ती कधी गेली नाही.

अंजूने वही मिटली. मग हळूच म्हणाली, "खाला, त्यांना आधी कोण दिसलं असेल?"

"माझा हात," सुलतानबी म्हणाली. "माझा हात ढिगाऱ्याबाहेर होता." इतक्या वर्षांत ही साधी गोष्ट तिच्या मनात आली नव्हती.

रविवारी तिने एसटी धरली. गाव आता नव्या जागी वसलं होतं. सारख्या घरांच्या रांगेत रत्नम्माचं घर विचारत विचारत ती पोचली. रत्नम्मा ओसरीवर तूर पाखडत होती. तिने पाहिलं, सूप खाली ठेवलं.

"आलीस? बस. चहा टाकते."

सुलतानबीने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. एका बोटाचं नख पुन्हा आलंच नव्हतं. "मी लई वाईट बोलले गं तुला."

"तू एकदा बोललीस," रत्नम्मा म्हणाली. "मी रोज बोलते माझ्याशी. तिकडं आधी गेले असते तर, तिकडं आधी गेले असते तर."

"मग मी राहिले असते खाली."

रत्नम्माने पदर तोंडाला लावला. दोघी रडल्या. चहा राहूनच गेला. शेवटची गाडीही निघून गेली, आणि सुलतानबी तिथंच मुक्कामाला राहिली.

अंजू पुढे नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला गेली. रत्नम्मा मात्र दर हिवाळ्यात हुरडा घेऊन लातूरला यायला लागली. इथलं पाणी तिला मानवत नाही, गल्लीतल्या गर्दीने तिचं डोकं दुखतं, आणि हे सगळं खालाला ऐकवत ती चार दिवसांचे आठ दिवस करते.