हाक आणि ओ

“तू आत बस. आणि तोंड उघडू नकोस.”

सर हे म्हणाले तेव्हा माझ्या हातात चहाचा ट्रे होता. समोर सोफ्यावर साताऱ्याच्या गोदामाचे मालक आणि त्यांच्याबरोबर आलेले हळदीचे व्यापारी बसले होते. सरांनी आवाज जरासुद्धा खाली आणला नाही. सगळ्यांनी ऐकलं. मी ट्रे टेबलावर ठेवला आणि आत गेले.

आत म्हणजे पडद्यामागे. सांगलीत विश्रामबागेला सरांचा बंगला, खाली त्यांचं ऑफिस. पुढच्या खोलीत काच, गालिचा, थंडगार हवा. मागच्या खोलीत मी, माझा कॉम्प्युटर आणि चहाचा स्टोव्ह. गिऱ्हाईक आलं की पडदा ओढायचा. चहा मी करायचा, कारण मी बाई. प्रोग्रामही मीच लिहायचे, पण ते बाहेर सांगायचं नाही, कारण मी धनगराची.

फोनसुद्धा मी उचलायचा नाही असा नियम होता. एकदा उचलला आणि “सर भाईर गेल्यात” म्हणाले. सर परत आल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, “गिऱ्हाईकाला वाटलं, चुकून मेंढवाड्यात फोन लागला.” सगळे हसले. मीही हसले. हे आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो. ते हसले त्याचं इतकं नाही. मी का हसले?

त्यानंतर मी आरशासमोर उभं राहून बोलायला शिकले. हाय नाही, आहे. न्हाई नाही, नाही. सुट्टीत आटपाडीकडं घरी गेले तर आई म्हणायची, “लय शिकल्यागत बोलाय लागलीस गं. आमास्नी भ्या वाटतंय.” मला बरं वाटायचं. घरच्यांना आपली भीती वाटते याचं बरं वाटायचं, इतकी मी बाटले होते.

ते साल नव्व्याण्णव. सांगलीतल्या व्यापाऱ्याला साताऱ्याच्या गोदामात कुठली हळद पडून आहे ते बसल्या जागी कळावं, एवढंच काम होतं. इथल्या कॉम्प्युटरनं फोनच्या तारेवरून तिथल्या कॉम्प्युटरला विचारायचं, त्यानं उत्तर द्यायचं. ऐकायला सोपं. करायला महाकठीण. पानंच्या पानं प्रोग्राम लिहायचा. गोदामवाल्यांनी मालाची एक जात वाढवली की सगळं परत उसवायचं, परत शिवायचं. गिऱ्हाईक ताटकळायचं आणि सरांचं बिल वाढायचं.

त्याच सुमारास एका कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर मला एक्सएमएल भेटलं. टोकदार कंसात शब्द लिहायचा, मध्ये माहिती ठेवायची, परत कंसात तोच शब्द लिहून बंद करायचं. एकात एक कितीही ठेवा. एकच अट. आत उघडलेलं आधी बंद करायचं, मग बाहेरचं.

मी उडालेच. हे मला कुणी शिकवायची गरजच नव्हती. लहानपणी कळपामागं फिरताना रोज संध्याकाळी हेच केलं होतं. मेंढ्यांभोवती वाघर लावायची, म्हणजे जाळीचं कुंपण. कोकरं तिच्या आत, बांबूच्या वेगळ्या डालग्याखाली. डालगं नीट झाकल्याशिवाय माझे वडील, आबा, वाघरीचं तोंड बांधू द्यायचे नाहीत. “आतलं आदी, पोरी. भाईरचं मागनं.”

मग मी या कंसांची एक छोटी भाषाच केली. नुसती माहिती ठेवणारी नाही, काम सांगणारी. एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याला विचारायचं तिथं इंग्रजी अक्षरांत शब्द लिहिला, हाक. दुसऱ्यानं उत्तर द्यायचं तिथं, ओ. माहितीचा गट म्हणजे वाघर, त्यातली एकेक नोंद म्हणजे कोकरू. तारा, फोन, जोडणी, चुका, ती सगळी कटकट मी खाली गाडून टाकली. वर उरल्या मोजक्या ओळी. साताऱ्याच्या गोदामातल्या कारकुनाला मी फोनवर सांगितलं आणि त्यानं हळदीची नवी जात स्वतःच घातली. तो म्हणाला, “आवं ताई, हे तर मला बी जमतंय की!” त्या दिवशी मी आरसा विसरून बोलले होते.

सरांना दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला.

“इतकं सोपं केलंस? गिऱ्हाईकाला स्वतःला जमायला लागलं तर आपण काय भजी तळायची?”

पण त्यांची नजर पक्की होती. माल खपेल हे त्यांनी ओळखलं. म्हणून ती बैठक. म्हणून सोफ्यावर ती माणसं. आणि म्हणून मी पडद्यामागे.

सर पुढं बोलत होते. “मी असा विचार केला.” “मी अशी रचना केली.” मी ऐकत होते. मग मोडेमचा तो चिरका आवाज आला, थांबला, आणि कुणीतरी म्हणालं, “आली की माहिती!” साताऱ्यानं ओ दिली होती. माझ्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात गोदामाचे मालक म्हणाले, “ह्ये हाक काय हाय? आन् वाघर? मेंढरं ठेवल्यात व्हय गोदामात?”

हशा पिकला. एका व्यापाऱ्यानं तोंडानं आवाज काढला, “हुर्र्र, हुर्र्र!” कळप वळवताना आबा काढतात तो आवाज. सोफ्यावर बसून, बिस्कीट खात.

सर म्हणाले, “आमच्याकडं एक पोरगी आहे. धनगराची. तिनं थट्टा केलीय.” मग पडद्याकडं वळून, “ए, बाहेर ये. सांग यांना थट्टा केली म्हणून. आणि माफी माग.”

मी बाहेर आले. नोकरी हवी होती. माझ्या पगारावर धाकट्या बहिणीचं कॉलेज चाललं होतं. “चुकलं” एवढा एकच शब्द म्हणायचा होता. तोंडात तयारही होता. पण टेबलावर कॉम्प्युटर होता, आणि त्याच्यावर माझे शब्द उभे होते. हाक मारून, ओ घेऊन. ज्या बोलीची मला लाज वाटत होती तीच तिथं काम करत होती आणि ही माणसं तिचंच खाऊन तिलाच हसत होती. माझं डोकंच फिरलं.

“थट्टा न्हाई ती,” मी म्हणाले. “आमी अशीच हाक मारतो. आन् आत्ता तुमच्याम्होरं साताऱ्यानं ओ दिली. ही भाषा मी केलीया. माफी मागनार न्हाई.”

त्या घरात पहिल्यांदा माझ्या तोंडून न्हाई निघालं. कुणी हसलं नाही. कुणी माझी बाजूही घेतली नाही. गोदामाचे मालक बुटांकडं बघत राहिले.

सर म्हणाले, “जा. जनावरांत जा.”

गेले. आबांचा कळप तेव्हा पाटणकडं एका शेतात बसला होता. मी सगळं सांगितलं. वाटलं, नोकरी घालवली म्हणून चिडतील. त्यांनी डालगं झाकलं, वाघर बांधली, मग म्हणाले, “आमी जनमभर गप बसलो. गप बसलं म्हनून तरी कुनी शेजारी बसू दिलं व्हय?”

बहिणीचं कॉलेज त्या वर्षी सुटलं. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. सरांनी माझे शब्द पुसून इंग्रजी घातले आणि तीच भाषा विकायला काढली. आतली मांडणी तीच. लोकर आमची, घोंगडं त्यांचं. साताऱ्याच्या कारकुनाला आता ओळसुद्धा बदलता येत नाही. कुलूप घातलंय.

मी आता साताऱ्यात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते आणि रिकाम्या वेळी ती भाषा पुन्हा लिहिते आहे. सगळी डोक्यात आहे, ती काही नुसती सरांच्या मशीनवर राहिलेली नाही. या वेळी तिला कुलूप नाही. जो मागेल त्याला देणार. पहिल्यांदा त्या कारकुनाला. शब्द तेच राहणार, हाक, ओ, वाघर, कोकरू. ज्याला हसायचं त्यानं हसून घ्यावं, पण काम करून घ्यायचं तर त्याला हेच शब्द लिहावे लागतील.

तो ट्रे सरांच्या टेबलावर राहिला. तो ज्याचा त्यानं उचलावा. मी आता आत बसणार न्हाई.