नावे भरणारा माणूस

"धुक्यात तसं होतं," असे मी एकदा वसईजवळच्या पाचूबंदरच्या एका तांडेलांना सांगितले. ते खोटे होते, आणि खोटे आहे हे सांगताना मला पूर्ण ठाऊक होते. त्या तीन शब्दांनी एका माणसाच्या हातातले सुकाणू गेले आणि माझी नोकरी शाबूत राहिली. पुढे सात वर्षे मी हे कोणालाही सांगितले नाही, पत्नीलाही नाही.

मोबाईल फोन नुकते सामान्यांच्या हाती येऊ लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. मी एका मोबाईल कंपनीत होतो. वसईच्या खाडीपासून विरारपर्यंतच्या टॉवरांची देखभाल माझ्याकडे असे. त्या काळच्या फोनांत एक सोय होती. विशिष्ट सेटिंग चालू केले की पडद्यावर आपण ज्या भागात असू त्याचे नाव उमटे. वसईत वसई, नालासोपाऱ्यात नालासोपारा. लोकांना वाटे, फोनला आपण कुठे आहोत ते कळते. फोनला काही कळत नसे. तो ज्या टॉवरचा आवाज ऐकी, त्या टॉवरला आम्ही दिलेले नाव वाचून दाखवी, इतकेच. नावांची एक यादी असे आणि ती मी भरत असे.

पाचूबंदरच्या लिलावात माझी पत्नी एका मावशींकडून मासळी घेई. त्यांचे यजमान तांडेल होते, म्हणजे बोटीचे प्रमुख. बोट कुठे न्यायची, कुठे वळवायची, हा शब्द त्यांचा. वसईच्या किल्ल्याचा बुरूज, चर्चचे मनोरे, ताडांची एक रांग, यांच्यावरून ते दर्यात आपली जागा ओळखत. त्यांनी फोन घेतला तेव्हा ती नावाची सोय मीच त्यांना चालू करून दिली. काहीशा दिमाखाने म्हणालो, "आता हा तुम्हाला सांगेल तुम्ही कुठे आहात." ते हसले. "टॉवरवाले, ते तर मला दर्या पन सांगतो."

पण महिनाभरात त्यांनी त्या नावांचा असा उपयोग शोधून काढला, जो आमच्या कचेरीत कोणाच्याही मनात आला नव्हता. हिवाळ्यात सकाळी समुद्रावर दाट धुके उतरते आणि बुरूज, मनोरे सारे नाहीसे होते. किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे येताना पडद्यावर आधी किल्ल्याच्या उत्तरेकडच्या रानगावचे नाव दिसे, आणि खाडीच्या तोंडाशी आले की ते जाऊन किल्ल्याचे येई. त्यांना इंग्रजी अक्षरे येत नव्हती. रानगावचे नाव लांब, किल्ल्याचे आखूड, एवढे त्यांना पुरे होते. "आखूड नाव आलं की डाव्या हाताला वळायचं," त्यांनी मला जेट्टीवर अभिमानाने सांगितले. त्यांचे एक धाकटे भाऊ त्यांच्याच बोटीवर होते. ते जाळ्यातून खेकडे सोडवता सोडवता म्हणाले, "दादा आता दर्या नाय वाचत, मोबाईल वाचतो."

मी तेव्हाच सांगायला हवे होते. पाण्यावरून टॉवरचा आवाज दूर घसरत जातो, नाव कधी अलीकडे तर कधी पलीकडे बदलते, ती नावे वाटसरूंच्या सोयीसाठी आहेत, वाट दाखवण्यासाठी नाहीत, हे मला माहीत होते. मी सांगितले नाही, कारण माझ्या कामाकडे इतक्या आदराने पाहणारा तोवर कोणी भेटला नव्हता. ही माझी पहिली चूक आणि ती गर्वाची होती.

दुसरी चूक साधी होती. वसईच्या टॉवरवर नवे अँटेना बसले, प्रत्येक दिशेच्या अँटेनाला वेगळे नाव, आणि यादी नव्याने भरावी लागली. भरताना माझ्या हातून दोन ओळींची अदलाबदल झाली. रानगावच्या समुद्राकडे तोंड असलेल्या अँटेनाला किल्ल्याचे नाव गेले आणि खाडीकडच्याला रानगावचे. दोन-तीन दिवसांनी रानगावच्या एका गृहस्थांनी कचेरीत फोन करून मिस्कीलपणे विचारले, रात्रीतून आमचे घर किल्ल्यात हलवले का. मी यादी उघडली आणि मला ती ओळ दिसली.

दुरुस्तीला चार मिनिटे लागली असती. पण नियमाने त्यासाठी अर्ज भरायचा, त्यात चूक कोणाची ते लिहायचे आणि वरिष्ठांची सही घ्यायची. माझ्या बढतीची मुलाखत त्याच महिन्यात होती. फोन लागत होते, बोलणी होत होती, बिघडले होते ते केवळ एक नाव. महिनाअखेरीस यादी नव्याने भरायची वेळ येईल तेव्हा गुपचूप सुधारू, असे मी ठरवले. तांडेलांची आठवण मला झाली नाही, असे लिहिण्याचा मोह होतो. झाली होती. आकाश निरभ्र होते, धुके नव्हते, आणि धुके नसले की ते पडद्याकडे बघत नसत, म्हणून मी ती बाजूला सारली.

आठव्या दिवशी धुके पडले.

दुपारी पत्नीचा कचेरीत फोन आला. मावशींची बोट रानगावसमोर खडकांवर चढली होती. बोटीचा तळ फाटला होता आणि धाकट्या भावांच्या हाताची दोन बोटे खडक आणि बोट यांच्यामध्ये चिरडली होती. बाकीचे सुखरूप होते. मी फोन ठेवला आणि पहिले काम काय केले असेल, तर ती दोन नावे जागच्या जागी केली. अर्ज नाही, सही नाही. चारच मिनिटे लागली.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. देवघरात क्रुसापुढे मेणबत्ती जळत होती. भाऊ हाताला पट्टी बांधून भिंतीशी बसले होते. तांडेलांच्या हातात फोन होता. दुपारी ते पुन्हा रानगावच्या किनाऱ्यावर पायी जाऊन आले होते आणि तिथे फोनने लांब नाव दाखवले होते. त्यांनी मला अगदी हळू विचारले, "सकाळी आखूडच होतं, मी बघितलं, म्हणून वळलो. का नजर फिरली माझी?"

सारे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "धुक्यात तसं होतं."

त्यांनी मान डोलावली आणि फोन उशीखाली सरकवला. पुढच्या वेळी बोट निघाली तेव्हा सुकाणू भावांच्या हाती होते. बंदरात कुजबूज झाली की तांडेलांचे डोळे गेले. कोणीतरी जेट्टीवर त्यांच्या तोंडावर म्हणाले, मोबाईल वाचायला गेला आणि दर्या विसरला. ते अंगणात जाळी दुरुस्त करत बसू लागले. बऱ्याच दिवसांनी मावशींनी माझ्या पत्नीला सांगितले की तांडेलांनी चर्चमध्ये फादरांपुढे पापनिवेदन केले: माझ्या निष्काळजीपणामुळे भावाचा हात अधू झाला. पत्नीने हे मला जेवताना सांगितले. माझे पाप त्यांनी स्वतःच्या नावाने कबूल केले होते. मी ताटातला भात कालवत राहिलो.

मला बढती मिळाली. मी त्यांच्या घरी जात राहिलो. आपण चांगले स्नेही आहोत, असे स्वतःला पटवण्याचा तो मार्ग होता. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. मीच त्यांना मोबाईल शिकवला, हेही कधी काढले नाही.

सात वर्षांनी भावांनी बोटीसाठी उपग्रहावरून जागा दाखवणारे यंत्र आणले. मला बघायला बोलावले, कारण मी जाणता. यंत्र पाटावर ठेवले होते. आखडलेल्या दोन बोटांच्या हाताने भाऊ कळा दाबून दाखवत होते: ही आपली खाडी, हा किल्ला, हे खडक. तांडेल दाराशी जाळे विणत बसले होते आणि इकडे बघत नव्हते. भाऊ थट्टेने म्हणाले, "दादा, ये, वाच. हे खोटं नाय बोलणार."

तांडेलांनी जाळ्याची सुई थांबवली. यंत्राकडे नाही, माझ्याकडे पाहिले.

"टॉवरवाले," ते म्हणाले, "यात नावं कोन भरतो?"

त्यांना काही संशय होता असे मला आजही वाटत नाही. तो केवळ एका जाणत्या माणसाचा प्रश्न होता, जो अशा यंत्राविषयी पहिल्यांदाच कोणीतरी नेमकेपणाने विचारला होता. आम्ही कचेरीतल्या शिकलेल्यांनी तो कधी विचारला नाही. मावशी चहा घेऊन आल्या होत्या. मी कप घेतला नाही. उठून दाराशी गेलो आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. भावांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलायचे असे मी मनाशी ठरवले, आणि बोललो.

"तांडेल, त्या सकाळी आखूडच नाव होतं. तुम्ही बरोबर बघितलं होतं. तुमची नजर फिरली नव्हती. नावं मी भरायचो, आणि ती मी उलटी भरली होती. ते मला आधी कळलंही होतं, तरी मी गप्प बसलो. त्या दुपारी गुपचूप बदलली आणि संध्याकाळी इथे येऊन तुमच्याशी खोटं बोललो. भाऊंचा हात माझ्यामुळे अधू झाला, तुमच्यामुळे नाही. माझं चुकलं. मला क्षमा करा."