मास्तरांचा संज्ञाप्रवाह

वाचनालयात पुस्तकं परत येतात. कुणी महिन्याने आणतो, कुणी वर्षाने, कुणी हळदीचे डाग पाडून, पण आणतो. किस्से मात्र कोणी परत नेत नाही! ते आमच्याकडेच साचत जातात. मालवणात मी बरीच वर्षं ग्रंथपाल होतो. एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं तेव्हा लागलो. पुस्तकांची यादी आता आठवत नाही. हे आठवतं.

शनिवारी दुपारी चार वाजता आमची बैठक असे. माणसं चारच. हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे सामंत मास्तर, पोस्टातले बांदेकर, तातू तांडेल आणि मी. तातूला अक्षर येत नव्हतं. जन्म गलबतावर गेला, आता गुडघे धरले म्हणून वर्तमानपत्र ऐकायला यायचा. मास्तर एकटे. बायको लग्नानंतर तीन वर्षांत तापाने गेली. पुन्हा त्यांनी मनावर घेतलं नाही. ते कथा लिहीत.

साधी कथा नव्हे. मास्तर म्हणायचे, "माणूस बाहेर बोलतो ते चार आणे. उरलेले बारा आणे आत चाललेले असतात. ते जसंच्या तसं उतरवायचं. याला संज्ञाप्रवाह म्हणतात."

बांदेकर म्हणाले, "म्हणजे मनातलं. मग मनातलं म्हणा ना!"

* * *

पहिली कथा त्यांनी वाचून दाखवली तो दिवस. एक माणूस कोळंबच्या खाडीवर पलीकडे नेणाऱ्या तरीची वाट बघत उभा आहे. बारा पानं. त्याला आई आठवते, मग शाळेचा फळा, मग आईच्या हाताला येणारा कोकमाचा वास, मग परत फळा. बारा पानांत पूर्णविराम एक नाही. मास्तरांना धाप लागली.

वाचन संपलं. बांदेकरांनी विचारलं, "मास्तर, तो पलीकडे गेला का?"

"नाही. तो विचार करतोय."

"अहो, पण तेवढ्यात भरती येईल!"

कोपऱ्यातून तातू गंभीरपणे म्हणाला, "भरती खंयची? सुकती लागली. मगाशी थंयसर चिखल दिसाक लागलो म्हटल्यात मां?"

मास्तरांनी कागद चाळले. सातव्या पानावर चिखल होता, म्हणजे ओहोटीच! त्यांनी तातूकडे ज्या नजरेने बघितलं, तशा नजरेने मास्तरांकडे कोणी कधी बघितलं असेल असं मला वाटत नाही.

* * *

तीच कथा जिल्ह्यातल्या एका दिवाळी अंकाने घेतली. आठवड्याने छापखान्यातून पोस्टकार्ड आलं. बांदेकर ते स्वतः घेऊन आले. पोस्टकार्ड ते वाचत नसत, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते "नजरेखालून जाई".

अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याने लिहिलं होतं, 'आपल्या कथेत पूर्णविराम आढळले नाहीत. आमच्याकडे भरपूर शिल्लक आहेत. घालू का?'

चौथ्या दिवशी मास्तरांनी उत्तर टाकलं, 'आपल्या औदार्याबद्दल आभारी आहे. फक्त शेवटी घालावा.'

अंक आला. प्रत्येक ओळीच्या शेवटी एकेक घातला होता!

* * *

मास्तर धुरीवाड्यात शेवंतीबाईंच्या माडीवर खोली घेऊन राहत. लिहिलेलं मोठ्याने म्हणून बघायची त्यांना सवय. संध्याकाळी शाळेतून आले की दार लावून सुरू. खाली शेवंतीबाईंना वाटलं, पाव्हणे आलेत. बाई मायाळू. त्यांनी दोन कप चहा दाराशी ठेवला. दुसऱ्या दिवशीही दोन. पुढे रोजच दोन.

एकदा मी गेलो होतो तेव्हा मास्तर दुसरा कप पीत होते. मी म्हटलं, "अहो, वर कोणी नसतं म्हणून सांगा की त्यांना! उगीच बिचारीला त्रास."

मास्तर बशीत चहा ओतत म्हणाले, "सांगितलं तर एकच येईल."

ते चहा गार आहे म्हणाले, मी हो म्हटलं.

* * *

तातूला एकदा मास्तरांनी नीट समजावलं. मनात एकातून एक कसं निघतं, माणूस एकटा असताना स्वतःशी कसा बोलतो, परदेशात यावर केवढाले ग्रंथ झालेत.

तातू म्हणाला, "ह्यां काय नवीन? सुकाणार बसलंय की आठ आठ दिस मी ह्यांच करी होतंय. फक्त कोणी छापूक नाय!"

आम्ही हसलो. मास्तरांनी मात्र झटकन वही उघडली. "तातू, सांग. काय काय यायचं मनात?"

तातूने तंबाखू मळत सुरुवात केली. "एकदा कालिकताक जात होतंव. वीस दिस. सगळो येळ मी माझ्या बायलेशी बोलत होतंय. म्हटलंय, पावसाआधी घरावरचे नळे परतून घे. म्हटलंय, पाड्याक डोंगरात सोडू नको. ती काय म्हणात तां पण मीच म्हणी. एकदा भांडलंव पण. दोन दिस अबोलो!"

"मग?"

"मगे घराक इलंय. लोकांनी सांगल्यानी, मी गेलंय त्याच्या दुसऱ्या दिसाक ती गेली. पान लागलां." साप चावला की आमच्याकडे पान लागलं म्हणतात. त्याने तंबाखू तोंडात टाकली. "मास्तरानूं, तुमी शिकलेले. माका सांगा, ते वीस दिस मी कोणाशी बोलत होतंय?"

मास्तरांनी वही मिटली. त्या शनिवारी वर्तमानपत्र कोणी वाचलं नाही.

* * *

आणि आता हा शेवटचा किस्सा.

मास्तरांची एक कथा मुंबईच्या मासिकात आली. नवरा मुंबईला गिरणीत, बाई गावी. ती सूपभर तांदूळ निवडते, एवढंच घडतं. बाकी सगळं तिच्या मनातलं. आम्ही तिघांनी ती चांगली म्हटली. मास्तर म्हणाले, "तुम्ही म्हणणारच."

पुढच्या शनिवारी दारात एक बाई उभी. चाळिशीची, मसुऱ्याहून एस्टीने आलेली, हायस्कुलात विचारून इथवर पोचलेली, पदरात तेच मासिक गुंडाळलेलं.

"ह्यां कोणी लिवल्यान?"

मास्तर उठून उभे राहिले. एखाद्या वर्गात इन्स्पेक्टर यावा तसे.

"माझ्या शाळेतल्या चेडवान वाचून दाखवल्यान," बाई म्हणाली. "ह्यां सगळां माझां आसा. मी कोणाक सांगूक नाय. तुमका कसां कळलां?"

"मला नाही कळलं," मास्तर हळूच म्हणाले. "मी आपलं कल्पनेने..."

"सगळां बरोबर. पण एक चुकलात. ती बाई इतक्या बोलता मनात, नि एकदाव हसणा नाय. आमी हसतंव हां मनात! कितके येळा हसतंव!"

मास्तरांनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. "कशाला हसता?" त्यांनी विचारलं.

बाईने आमच्या तिघांकडे बघितलं. मग टेबलावरून वाकून, अगदी हलक्या आवाजात, मास्तरांना काहीतरी सांगितलं. मोठं होतं, मिनिटभर चाललं असेल. मग पदर सावरून ती निघाली. एस्टी चुकली असती.

मास्तर खाली बसले. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. पाहतो तर हसत होते! टेबलावर डोकं टेकून, श्वास लागेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतक्या वर्षांत त्यांचं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं.

बांदेकरांना राहवेना. "अहो, काय म्हणाली ती?"

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला.

"ते तिच्या मनातलं आहे," ते म्हणाले.