डमीत जायची वाट

पत्त्यांच्या ब्रिजमधले माझे जोडीदार, म्हणजे आमचे भिडू, यांच्या संशयातून सुटलेला माणूस पनवेलात अजून जन्माला यायचा आहे. विमानतळ येणार म्हणून सगळं गाव जमिनीचे भाव बोलू लागलं, तेव्हा हे म्हणाले, "आधी विमान उतरू द्या, मग बोलू." अनोळखी मिस्ड कॉल आला की तो नंबर शेजाऱ्याच्या मोबाइलवरून फिरवून बघत. करंजाहून मासळी आणणाऱ्या कोळणीपुढे उकिडवे बसून पापलेटाचा कल्ला उचलत, वास घेत, पुन्हा कल्ला उचलत. एकदा ती वैतागून म्हणाली, "भाऊ, मासा मेलेला हाय, तो काय जबानी देनार नाय!" मासा घेतला, पण घर येईपर्यंत पिशवीत दोनदा डोकावले.

पत्त्यांत तर विचारूच नका. डाव संपला की बावन्न पानं मोजल्याशिवाय उठायचे नाहीत. विरुद्ध जोडीला फुकटचा हात द्यायचा नाही, हा त्यांचा धर्म. ब्रिजमध्ये खेळणाऱ्याच्या भिडूची पानं उघडी मांडतात, तो डमी. तो मान बहुधा माझा. माझ्या पानांपर्यंत पोचायचं तर एखादा हात तिथं जिंकावा लागतो, आणि कधीकधी त्यासाठी आधी एक हात सोडावा लागतो. हे सोडतात कसले! हातातले एक्के-राजे धडाधड वाजवून मोकळे, आणि माझी चांगली पानं टेबलावर उताणी पडून छताकडे बघत राहायची.

मी मुलीकडे पुण्याला कायमचा जाणार, हे कळलं तेव्हा त्यांनी तात्काळ निकाल दिला, "मुलगी हे निमित्त. तिकडे चांगला भिडू गाठलाय तुम्ही." मग अबोला. पंधरा वर्षांची जोडी अशी संशयात संपणार, याचं मला फार वाईट वाटत होतं.

शेवटच्या रविवारी डाव बिनहुकमाचा होता. किलवरचे एक्का-राजा त्यांनी हातचे वाजवले होते. राणीपासूनची सगळी रांग माझ्याकडे अडकलेली. बदामाचे एक्का-राजा त्यांच्या हातात, गुलाम-दश्शी माझ्याकडे, राणी विरुद्ध जोडीकडे. आता नेहमीप्रमाणे एक्का-राजा पडणार, त्यांच्याखाली माझे गुलाम-दश्शी वाया जाणार, म्हणून मी चहाकडे वळलो. त्यांनी बारकं बदाम टाकलं आणि म्हणाले, "दश्शी लावा."

राणीवाला दोनदा थबकला. या गृहस्थांकडून काही फुकट मिळतंय यावर त्याचाही विश्वास बसेना. शेवटी त्याने हात घेतला. पुढच्या संधीला यांनी दुसरं बारकं बदाम खेळून माझ्या गुलामावर हात जिंकला, आणि माझी किलवरं ओळीने चालली. डाव आमचा झाला.

"तुम्ही चक्क हात सोडलात?" मी विचारलं.

"तुमच्यापर्यंत यायला दुसरी वाटच नव्हती," ते खाली बघत म्हणाले.

मग पानं मोजायला घेतली. बावन्न भरली. मी उठायला लागलो तसे म्हणाले, "थांबा, बसा. एक कमी वाटतंय," आणि पहिल्यापासून सावकाश मोजू लागले.