सगळ्यांना ‘हो’ म्हणणारा सोबती

लिसिआते मोआलाचं देवाशी काही भांडण नव्हतं. भांडण होतं ते एल्डर हॅस्लमशी, आणि तेही एकतर्फी. कारण हॅस्लमशी भांडायला बसलं तरी तो मान डोलवत ‘हो, बरोबर आहे तुझं’ म्हणायचा आणि भांडण जागच्या जागी मरायचं.

दोघांच्याही खिशावर काळी पट्टी, तिच्यावर ‘एल्डर’ ही पदवी. एल्डर म्हणजे वडीलधारा. हे वडीलधारे एकोणीस वर्षांचे, आणि हॅस्लमला तर अजून धड दाढीही फुटलेली नव्हती. तो अमेरिकेतल्या युटाहून आलेला. लिसिआते इथलाच, पॅसिफिकमधल्या टोंगा देशाचा, मोठ्या बेटावरच्या कोलोंगा गावचा. पण मिशनवर असताना आपलं गाव काय आणि युटा काय, दोन्ही सारखीच लांब. दोन वर्षं घरी जायचं नाही. लग्न असो, मयत असो, नाही म्हणजे नाही. सोमवारी घरी एक फोन करायचा, बाकी आठवडाभर फोआ बेटावर सायकली हाणायच्या, दारं वाजवायची आणि येशूबद्दल बोलायचं.

आणि सोबत्याला नजरेआड करायचं नाही. उपदेशाला जोडीने, जेवायला जोडीने, साबणाची वडी आणायला दुकानात जायचं तरी जोडीनेच. नवराबायकोलासुद्धा कोणी इतकं आवळून बांधत नाही. लिसिआतेला हा नियम तोंडपाठ होता आणि त्याने तो कधी मोडलाही नव्हता. त्याच्या गळ्यात बांधलेला माणूस मात्र असा निघाला, की नियम करणाऱ्यांनी एक आठवडा त्याच्याबरोबर काढून दाखवावा असं त्याला वाटायचं.

हॅस्लमचा आजार एकच, ‘हो’ म्हणणं. भाषा त्याला अर्धीमुर्धी समजायची, बोलता त्याहून कमी यायची, पण हा एक शब्द त्याने पहिल्याच दिवशी उचलला होता आणि तो गावभर वाटत सुटला होता. एकाच संध्याकाळी दोन घरी जेवायला येतो म्हणून बसला. टोंगात पुढ्यात आलेलं ताट टाकून उठता येत नाही, म्हणून लिसिआते दोन्हीकडे सुरण आणि डुकराचं मटण हाणून रात्रभर पोट धरून लोळला. एका आजीने सहज विचारलं, बाळा, घराला रंग देशील का? हा म्हणाला, हो. तीन भिंती लिसिआतेने रंगवल्या. हॅस्लमने खिडक्यांच्या काचा रंगवल्या.

पण या सोमवारी लिसिआतेने त्याला उठल्या उठल्या बजावलं. “आज दहा वाजता मला फोन करायचाय. दहा म्हणजे दहा. आज कोणाला काही हो म्हणायचं नाही. कोणाकडे बघायचंसुद्धा नाही. कळलं?”

“हो,” हॅस्लम म्हणाला.

त्या दिवशी लिसिआतेची थोरली बहीण न्यूझीलंडला, ऑकलंडला निघाली होती. लोसालीने तिचं नाव. तिकडे तिचं लग्न ठरलं होतं, दोन पोरं पदरात असलेल्या एका विधुराशी. आई फोनवर म्हणायची, सगळं छान आहे, माणूस चर्चमधला आहे. यापलीकडे आईच्या तोंडून काही निघेना. लोसालीने तेवीस वर्षांची. तिला कोणी ढकललंय का, ती मनापासून जातेय का, हे लिसिआतेला तिच्याच शब्दांत ऐकायचं होतं. नसेल जात मनापासून, तर तो मिशनच्या अध्यक्षांना सांगून आजच्या आज घरी निघणार होता. अर्ध्यातून परतलेल्या मिशनरीच्या बापाला चर्चमध्ये मान वर करता येत नाही, हे त्याला माहीत होतं. तरी जाणार होता.

आता ती बहीण आहे, विचार की सरळ, असं कोणी म्हणेल. हॅस्लमने तर दहादा म्हटलं होतं. लिसिआतेने त्याला दहादा समजावलं होतं, की बाबा, आमच्यात तसं नसतं. बाराव्या वर्षी पोरगा परसातल्या झोपडीत झोपायला जातो. बहीण खोलीत आली की भाऊ उठून बाहेर. तिच्यासमोर थट्टा नाही, गप्पा नाही, तिच्या मनातलं विचारणं तर नाहीच. तिचा मान असतो तो. लोसालीनेने वर्षानुवर्षं त्याचे पांढरे शर्ट इस्त्री केले आणि आईच्या हातून पाठवले. त्याने तिच्यासाठी मासे पकडून आणले आणि आईच्याच हातात दिले. मधे आई नाहीतर धाकटी भावंडं लागायचीच. दहाला सगळी घरी असणार, आईला मधे घालून तो विचारणार, असं त्याने ठरवलं होतं.

सिग्नल यायचा फक्त चर्चच्या ओसरीवर. दोघे सायकली घेऊन निघाले आणि वाटेत म्हातारा सालेसी आडवा आला.

“एल्डर! बरे भेटलात. माझी डुकरीण गेलीय चिखलात खेकडे खायला. भरती यायला लागली तरी बया परत येईना. जरा हाकलून आणता?”

लिसिआते ब्रेक दाबायच्या आत हॅस्लम म्हणाला, “हो!”

“आजोबा, आज आम्हाला घाई आहे,” लिसिआते म्हणाला. “आणि तुम्ही तर आमच्या चर्चचेही नाही.”

“मी नाही रे, पण डुकरीण कुठल्या चर्चची आहे? तिचं अजून काही ठरलेलं नाही. बघा, जमलं तर घ्या तुमच्यात.”

हॅस्लम एव्हाना चपला काढून चिखलात शिरला होता. नियम होता. लिसिआतेने आकाशाकडे बघितलं, मनातल्या मनात दोन शब्द गिळले आणि लुंगी खोचून मागोमाग उतरला.

डुकरीण अंगाने दांडगी होती आणि तिला कसलीच घाई नव्हती. हॅस्लम समोरून हात पसरून गेला की ती त्याच्या पायांमधून निघायची. एकदा तर त्याला पाठीवर घेऊन दोन पावलं चालली आणि खाली टाकून गेली. सालेसी काठावर बसून पपई खात सूचना देत होता. “डावीकडून! अरे, डावीकडून! बायबल वाचून दाखवा, पळत येईल.” लिसिआतेने शेवटी तिचा मागचा पाय धरला आणि गुडघाभर पाण्यातून तिला ओढत काढलं, तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. दहा कधीच वाजून गेले होते.

“थँक्यू म्हणाला तो,” हॅस्लम खुशीत म्हणाला. केसांपासून पायांपर्यंत चिखल. “आणि जेवायला बोलावलंय.”

“तू हो म्हणालास?”

“हो.”

“तुला आई-बापाने ‘नाही’ शब्द शिकवलाच नाही का रे? सकाळी काय सांगितलं होतं मी? काय सांगितलं होतं?”

हॅस्लम खाली बघत चपला घालू लागला. लिसिआतेने सायकल उचलली आणि ओसरीपर्यंत जोरात हाणली.

आईने व्हिडिओवर फोन घेतला तेव्हा तिच्या मागे विमानतळाचा गलका चालला होता. “आत्ता उगवलास होय? अख्खं घर फोनभोवती बसलं होतं. तुझा बाप शेवटी चिडून लाल झाला. अरे, हे काय, कुठे लोळून आलास? थांब, थांब, सामान जास्त भरलंय म्हणतायत, चटया काढायला लावतायत. माझ्या आईने विणलेल्या चटया! काढते की काय मी! लोसालीने, धर गं फोन.”

फोनवरचं चित्र हललं, छत दिसलं, कोणाची तरी बॅग दिसली आणि मग लोसालीनेचा चेहरा आला. मधे आई नाही, कोणी नाही.

ज्या क्षणासाठी लिसिआते सकाळपासून जीव टाकत होता, तो हाच. आणि त्याच्या हातांनी काय करावं? त्यांनी फोन हॅस्लमच्या छातीवर ढकलला. मान आपोआप वळली. तो चर्चच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. स्वतःचीच इतकी चीड त्याला कधी आली नव्हती.

“हॅलो,” हॅस्लम फोनला म्हणाला. “मी सोबती आहे. तुझा भाऊ इथे आहे. तो भिंत बघतो.”

पलीकडे ती हसली. तिचं हसणं लिसिआतेने असं जवळून कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

“विचार तिला,” तो भिंतीला म्हणाला, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “मनापासून जातेय का, की आईने ढकललंय.”

“तो विचारते,” हॅस्लम म्हणाला, “तू मनापासून जाते, की आईने ढकलते?”

तिने त्या गलक्यात फोन तोंडाजवळ धरला.

“एल्डर, त्याला सांगा, माणूस मी निवडलाय. आईच नको म्हणत होती, आठवडाभर रडली. गेल्या वर्षी स्वतःच्या बापाच्या मयताला इथे आला होता तो. सगळे पुरुष बाहेर बसलेले आणि हा एकटा मागे बसून भांडी घासत होता. म्हटलं, हा चालेल. सांगा त्याला, मी मजेत जातेय.”

“ती मजेत जाते,” हॅस्लम भिंतीकडे वळून म्हणाला. “तो भांडी घासते.”

लिसिआतेने भिंतीला कपाळ टेकलं. त्याला एकदम हलकं वाटलं, आणि आपल्याला आता घरी जायला काही कारण उरलं नाही हेही त्याच क्षणी कळलं.

“आता मी विचारते,” लोसालीने म्हणाली. “तो आईला दर सोमवारी सांगतो, मी मजेत आहे. खरंच आहे का?”

लिसिआते निर्धास्त होता. उत्तर ठरलेलं होतं. या माणसाने डुकरिणीला, भिंतींना, दोन-दोन जेवणांना हो म्हटलं होतं.

हॅस्लमने फोन दोन्ही हातांत धरला.

“नाही,” तो म्हणाला.

लिसिआते वळता वळता थांबला.

“तो रोज सकाळी नळ सोडते आणि रडते. त्याला वाटते मला ऐकू नाही येत. पण आम्ही लांब नाही जायचं, म्हणून मला ऐकू येते.” हॅस्लम शब्द शोधत होता, सापडेल तसा पुढे ठेवत होता. “त्याला माझा राग येते. मी सगळ्याला हो म्हणतो. मला भाषा नाही येत. नाही म्हटलं तर लोक परत बोलावणार नाही, मला भीती वाटते. मला पण घर आठवते.”

पलीकडे कोणीतरी लोसालीनेला हाका मारत होतं. आईच होती, चटया वाचल्या म्हणून ओरडत होती.

“एल्डर,” लोसालीने घाईघाईने म्हणाली. “तो लहान असताना आजारी पडला की मी झोपडीच्या बाहेर उभी राहायची. आत जाता यायचं नाही. त्याला माहीत नाही हे. मला कधीच त्याच्याजवळ बसता आलं नाही, एल्डर. तुम्हाला तर जवळ राहायचा नियमच आहे. राहाल ना?”

“हो,” हॅस्लम म्हणाला.

फोन बंद झाला. हॅस्लमने तो शर्टाला पुसला, म्हणजे आणखी चिखल लावला, आणि लिसिआतेच्या बाजूला ओसरीच्या पायरीवर ठेवला. मग तो स्वतःही तिथेच बसला.

रस्त्यापलीकडून सालेसीची हाक आली. “एल्डर! अहो एल्डर! सुरण शिजलंय, येताय ना?”

हॅस्लमने तोंड उघडलं आणि पटकन मिटलं. त्याने भिंतीकडे तोंड केलेल्या पाठीकडे बघितलं आणि तो तसाच थांबून राहिला. सालेसीने पुन्हा हाक मारली.

लिसिआतेने बाहीने डोळे पुसले. बाही चिखलाचीच होती.

“म्हण की हो,” तो खेकसला. “आताच काय दातखीळ बसली का?”